एका सतरा अंकी संख्येचे कुळशील

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकांची पूर्ण संख्या डावीकडून वाचली काय आणि उजवीकडून वाचली काय, तीच राहते. तिचे अंक एकापासून चढत नवापर्यंत जातात आणि त्याच क्रमाने उतरत पुन्हा एकावर येतात. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येचा ती वर्ग आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे देवळालीच्या शाळेत तीन दशके शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी एका संख्याकुळाला ‘वंडरफुल डेम्लो’ असे नाव दिले. त्या कुळातली ही नववी संख्या.

मोठ्या संख्येची ओळख करून घेताना तिचे गुणधर्म दोन गटांत मांडावे लागतात. पहिल्या गटातले गुणधर्म संख्येच्या अंगचे असतात. ती सम आहे की विषम, मूळ की संयुक्त, तिचे विभाजक किती, ती पूर्ण वर्ग आहे की नाही, हे ती कोणत्याही लिपीत किंवा कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी बदलत नाही. दुसऱ्या गटातले गुणधर्म तिच्या दशमान लेखनाचे असतात. अंकांची बेरीज, उलटसुलट सारखे वाचता येणे, पुढे ज्यांची व्याख्या येईल ते हर्षद किंवा स्वयंभू असणे या गोष्टी दहाच्या पायावर उभ्या आहेत. ही सतरा अंकी संख्या दोन्ही गटांत श्रीमंत आहे आणि तिच्या बहुतेक गुणधर्मांची पडताळणी शाळेतल्या गणिताने करता येते.

संख्येचे वाचन

आजच्या व्यवहारात लाख-कोटीच्या पुढे फारसे कोणी जात नाही. त्या रीतीने ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाते आणि ‘१२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१’ अशी वाचावी लागते. एकाच वाचनात कोटी दोनदा येते, कारण कोटीच्या वरची बहुतेक नावे वापरातून गेली आहेत.

ती नावे ‘लीलावती’त आहेत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या या ग्रंथाच्या सुरुवातीलाच अठरा स्थानांची यादी येते: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट. या यादीप्रमाणे आपल्या संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ या सतराव्या स्थानावर बसतो. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद असे चढत येऊन पुढे आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक असे उतरता येते. सतरा अंकांना सतरा नावे मिळतात आणि नवाचा अंक मधोमध अर्बुदावर येतो.

भास्कराचार्यांच्या घराण्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. त्या मठाला १२०७ मध्ये दान मिळाले. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने आपल्या संस्कृत ग्रंथमालेत १९३७ साली ‘लीलावती’ प्रसिद्ध केली. तिच्यासोबत छापलेली ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांची आहे.

वर्ग असा का दिसतो

१११११११११ ला त्याच संख्येने गुणताना शाळेत शिकवलेली उभ्या मांडणीची रीत वापरली, की प्रत्येक ओळीत तीच संख्या येते. फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकते. अशा नऊ ओळी होतात. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, आणि मधल्या स्तंभात नऊ. त्यापुढे डावीकडे जाताना ही संख्या एकेकाने घटत जाते. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा धरावा लागत नाही आणि स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा उत्तरात उतरतात.

हेच कारण ही रांग कुठे मोडते तेही सांगते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१ असे करत नऊ एकांपर्यंत आकृती निर्मळ राहते. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात दहा जमतात, एक हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा होतो. त्यात चढ-उताराची सलगता राहत नाही. त्यामुळे १२३४५६७८९८७६५४३२१ ही या निर्मळ रांगेतली शेवटची आणि सर्वांत मोठी संख्या ठरते.

अशा संख्यांचे आकर्षण जुने आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ज्या गुणाकारांची उत्तरे दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात, त्यांना त्यांनी गळ्यातल्या हाराची उपमा दिली. १२३४५६५४३२१ ही संख्याही त्यांच्या ग्रंथात येते. एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी, असे तिचे वर्णन केले आहे. सहा एकांच्या संख्येचा हा वर्ग म्हणजे आपल्या संख्येच्याच कुळातला.

मूळ अवयव

संख्येचे खरे घटक म्हणजे तिचे मूळ अवयव. वर्गाचे अवयव शोधायचे तर आधी वर्गमुळाचे शोधावेत. १११११११११ मध्ये १११ हा गट तीनदा येतो, म्हणून तिचे १११ × १००१००१ असे दोन भाग पडतात. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ असल्याने तिलाही ३ ने भाग जातो आणि भागाकार ३३३६६७ येतो. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. हाताने खात्री करायची तर तिला ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते, कारण तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या दरम्यान आहे.

म्हणजे १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७². ती विषम आहे, संयुक्त आहे, पूर्ण वर्ग आहे. मात्र सर्व घातांक तिनाच्या पटीत नसल्यामुळे पूर्ण घन नाही. कोणत्याही पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ यांपैकीच असतो. येथे तो १ आहे.

यातल्या तिन्ही मूळ संख्यांचे दशांश अपूर्णांकांशी जवळचे नाते आहे. १ ला ३ ने भागले तर एकच अंक पुन्हा पुन्हा येतो. ३७ ने भागले तर ०२७ हा तीन अंकांचा गट आवर्ती होतो. ३३३६६७ ने भागले तर ०००००२९९७ हा नऊ अंकांचा गट परत परत येतो, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. आवर्तनाची लांबी नेमकी नऊ असणारी ३३३६६७ ही एकमेव मूळ संख्या आहे. तशीच तीन लांबीसाठी ३७ आणि एक लांबीसाठी ३ एकेकटीच आहे.

फक्त १ हा अंक वापरून लिहिलेल्या संख्या स्वतः मूळ कधी असतात, हा प्रश्न बराच अवघड आहे. एकांची गणती संयुक्त असेल तर त्यांनी बनलेली संख्या मूळ असूच शकत नाही. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पडले तसे तिचेही गट पडतात. पण एकांची गणती मूळ असून भागत नाही. १११ = ३ × ३७, १११११ = ४१ × २७१ आणि सात एकांची संख्या = २३९ × ४६४९. दोन, एकोणीस, तेवीस, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ आहेत. त्यांपैकी १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे १९८६ साली सिद्ध झाले.

विभाजक आणि त्यांची बेरीज

अवयव हाती आले की विभाजक मोजायला प्रत्यक्ष भागाकार करावे लागत नाहीत. प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात एक मिळवून गुणाकार करायचा: (४+१) × (२+१) × (२+१) = ४५. आपल्या संख्येला १ आणि ती स्वतः धरून ४५ विभाजक आहेत. ४५ ही विषम संख्या आहे, आणि पूर्ण वर्गाच्या बाबतीत असेच होते. इतर संख्यांचे विभाजक जोडीने येतात, पण वर्गाच्या वर्गमुळाचा जोडीदार ते स्वतःच असते. येथे ४४ विभाजकांच्या २२ जोड्या होतात आणि १११११११११ एकटी उरते.

स्वतःखेरीज उरलेल्या विभाजकांच्या बेरजेवरून संख्यांचे तीन वर्ग पाडण्याची प्रथा प्राचीन ग्रीकांपासून चालत आली आहे. बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण; जसे ६ = १ + २ + ३, तसेच २८ आणि ४९६. बेरीज जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. आपल्या संख्येच्या या विभाजकांची बेरीज ६,६०,८६,००,६०,५१,७३,२५८ येते. ती संख्येच्या निम्म्याहून थोडी अधिक आहे, म्हणून संख्या न्यून ठरते.

ती परिपूर्ण नाही, हे मात्र एवढी बेरीज न करताही कळते. संख्या विषम असल्याने तिचे ४५ च्या ४५ विभाजक विषम आहेत. विषम संख्या विषम वेळा मिळवल्या की बेरीज विषमच येते. परिपूर्ण संख्येत मात्र स्वतःसह सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम असावी लागते. त्यामुळे विषम पूर्ण वर्ग कधीही परिपूर्ण असू शकत नाही. एका संख्येचा हिशेब करताना हाती आलेला हा नियम अनंत संख्यांना लागू पडतो.

जात्य त्रिकोणाचा कर्ण

१७ व्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितीने सांगितलेला एक नियम असा की, चाराने भागल्यावर १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, तीही एकाच प्रकारे. आपल्या तीन मूळ अवयवांत अशी एकच संख्या आहे: ३७ = ६² + १². त्यावरून ३७² = ३५² + १२² मिळते. १११११११११ ला ३७ ने भागले की ३००३००३ येते. ३५ आणि १२ यांना या संख्येने गुणले, की पुढील समीकरण तयार होते:

१०५१०५१०५² + ३६०३६०३६² = १११११११११²

म्हणजे आपली संख्या अशा काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा वर्ग आहे, ज्याच्या तिन्ही बाजू पूर्ण संख्या आहेत. अशा त्रिकोणाला ‘लीलावती’त जात्य म्हणतात आणि त्याच्या बाजूंना भुज, कोटी, कर्ण. बाकीचे दोन अवयव, ३ आणि ३३३६६७, चाराने भागल्यावर ३ उरणारे आहेत. त्यांच्याकडून नवी जोडी मिळत नाही. म्हणून १११११११११ हा कर्ण असलेला पूर्णांकी बाजूंचा काटकोन त्रिकोण एकच आहे.

अंकांकडे वळताना

येथपर्यंतचे सर्व गुणधर्म संख्येच्या अंगचे होते. संगणक वापरतो त्या द्विमान पद्धतीत हीच संख्या ० आणि १ या अंकांनी लिहिली तर तिला ५४ अंक लागतात आणि ती चढ-उताराची आकृती दिसत नाही. विभाजक मात्र ४५ च राहतात आणि त्रिकोणही तोच राहतो.

अंकांच्या गुणधर्मांकडे एका शिक्षकाने आयुष्यभर गंभीरपणे पाहिले. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि १९०७ साली स्थापन झालेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सुरुवातीचे ग्रंथालयही येथेच होते. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक कापरेकरांना १९२७ मध्ये मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १९३० ते १९६२ ही वर्षे त्यांनी देवळालीत शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही, अशा स्थितीत त्यांनी संख्यांवर लेख आणि छोट्या पुस्तिका लिहिल्या. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

डेम्लो

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली. म्हणून हे नाव. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. डावा आणि उजवा भाग मिळवले की एकच अंक पुन्हा पुन्हा येणारी संख्या मिळते, आणि मधल्या भागातही तोच अंक असतो. १६५ हे सर्वांत सोपे उदाहरण: १ + ५ = ६, आणि मध्ये ६. तसेच २५५३ मध्ये २ + ३ = ५, आणि मध्ये ५५.

आपल्या संख्येचे तीन भाग असे पडतात: डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. डावा आणि उजवा भाग मिळवल्यास ९९९९९९९९ येते. व्याख्या तंतोतंत जुळते. एकांच्या वर्गांचे हे खास कुळ कापरेकरांनी १९३८ साली ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात ‘वंडरफुल डेम्लो नंबर्स’ म्हणून मांडले.

हर्षद

जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, त्या संख्येला कापरेकरांनी हर्षद म्हटले. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. १९ च्या अंकांची बेरीज १०, आणि भाग जात नाही. १९७७ मध्ये इव्हान निव्हन या गणितीने एका परिषदेत या संख्यांवर व्याख्यान दिले. तेव्हापासून त्यांना निव्हन संख्या असेही म्हणतात.

आपल्या संख्येतील अंकांची बेरीज १ + २ + … + ९ + … + २ + १ = ८१. तिच्या अवयवांत ३⁴, म्हणजे ८१ आहेच. भागाकार १५,२४,१५,७८,९९,७१,०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. १११११११११ ला ९ ने भागले की हीच, ८ गाळलेली, संख्या मिळते. म्हणून आपली संख्या हर्षद आहे.

पण निर्मळ रांगेतल्या नवांपैकी सगळ्या हर्षद नाहीत. रांगेतल्या दर संख्येच्या अंकांची बेरीज एकांच्या संख्येच्या वर्गाइतकी असते: १२१ ची ४, १२३२१ ची ९, १२३४३२१ ची १६. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की एकांनी बनलेल्या वर्गमुळाला त्यातल्या एकांच्या गणतीने भाग जातो का. २, ४, ६, ८ यांनी जात नाही, कारण शेवटचा अंक १ आहे. ५ ने जात नाही. सात एकांना ७ ने जात नाही. उरतात १, ३ आणि ९. नवांपैकी १, १२३२१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१ या तीनच संख्या हर्षद ठरतात.

हर्षद संख्यांवर नंतर बरेच काम झाले. एकापासून दहापर्यंतच्या दहा संख्या सलग हर्षद आहेत. अशा सलग संख्या जास्तीत जास्त २० असू शकतात, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले.

स्वयंभू आणि त्यांची वंशावळ

कापरेकरांची आणखी एक कल्पना अशी: कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ पासून २१ + ३ = २४ मिळते; म्हणून २१ ही २४ ची जनक. २४ पासून ३०, ३० पासून ३३ अशी ओळ पुढे चालते. काही संख्यांना दोन जनक असतात, जसे १०१ चे ९१ आणि १००. काहींना एकही नसतो. अशा जनक नसलेल्या संख्यांना त्यांनी स्वयंभू हे नाव दिले. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या आरंभीच्या स्वयंभू संख्या.

१२३४५६७८९८७६५४३२१ स्वयंभू आहे का, हे पाहायला हजारो संख्या तपासाव्या लागत नाहीत. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ असू शकते, त्यामुळे जनक असलाच तर तो तिच्याहून फार तर १५३ ने लहान असेल. म्हणजे पहिले चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ हेच राहतील. त्यांची बेरीज ७५ आहे. उरलेल्या तीन अंकांची बेरीज २७ च्या वर जात नाही, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज ७५ ते १०२ या मर्यादेत हवी. आपली संख्या ९ च्या पटीत असल्याने ती बेरीजही ९ च्या पटीतच हवी. पर्याय तीनच: ८१, ९० आणि ९९.

शेवटच्या ३२१ मधून ८१ वजा केले की २४० उरतात. २ + ४ + ० = ६ आणि ७५ + ६ = ८१. जुळले. ९० आणि ९९ वजा केल्यावर २३१ आणि २२२ येतात. दोन्हींत एकूण बेरीज ८१ च राहते, म्हणून जुळत नाही. तेव्हा १२३४५६७८९८७६५४२४० हा आपल्या संख्येचा एकमेव जनक, आणि आपली संख्या स्वयंभू नाही.

आता या जनकाचा जनक पाहावा. त्याच युक्तिवादाने पर्याय पुन्हा ८१, ९० आणि ९९. २४० मधून ते वजा केले की १५९, १५० आणि १४१ मिळतात. अंकांच्या एकूण बेरजा ९०, ८१ आणि ८१. एकही जुळत नाही. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ही संख्या स्वयंभू आहे. वंश तिथून सुरू होतो, आपली संख्या त्यातली दुसरी, आणि तिच्यात ८१ मिळवून होणारी …५४४०२ तिसरी.

हा पडताळा कागदावरच करावा. एक्सेलसारख्या तक्त्यात सतरा अंकी संख्या भरली, तर पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात आणि ३२१ च्या जागी ३०० दिसतात. ज्या तीन अंकांवर हा सगळा निर्णय अवलंबून आहे, त्यांतलेच दोन हरवतात.

या अभ्यासाचे मोल

कापरेकरांचे नाव जगभर गेले ते ६१७४ या चार अंकी संख्येमुळे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हेच पुन्हा करत जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४ अशा पुऱ्या सात पायऱ्या लागतात. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे काम सर्वदूर पोहोचले. ६१७४ ही संख्याही हर्षद आहे: अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन.

अशा गणिताला नाके मुरडणारेही होते. रामानुजनांना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले. उलट्या लिहिलेल्या स्वतःच्याच पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच: ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही मिळत नाही, असे हार्डींचे मत होते, कारण त्यांतून व्यापक नियम निघत नाही.

ही कसोटी योग्य आहे. पण डेम्लो, हर्षद आणि स्वयंभू संख्या तिच्यावर उतरतात. नऊ एकांचा वर्ग तसा का दिसतो याचे कारण हातचा न येणे हे आहे, आणि तेच कारण दहाहून मोठ्या कोणत्याही पायाला लागू पडते. सोळाच्या पायात नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला तरी अंकांची तीच माळ उमटते. रांगेतल्या कोणत्या संख्या हर्षद, हा प्रश्न एका भाज्यतेच्या प्रश्नावर येऊन ठेपतो. जनक शोधताना नवाची कसोटी ७५ ते १०२ पर्यंतच्या सगळ्या शक्यता तीनवर आणते. अंकांच्या गमतीमागे कारण शोधले, की तिथे गणित सुरू होते. कापरेकरांनी या संख्यांना नावे दिली, व्याख्या दिल्या आणि इतरांना प्रश्न दिले, हे त्यांचे काम टिकाऊ आहे.

ही रीत रोजच्या संख्यांनाही लावता येते. फर्ग्युसन महाविद्यालय ज्यात येते तो डेक्कन जिमखान्याचा पिनकोड ४११००४ = २² × ११ × ९३४१. त्याचे विभाजक १२, स्वतःखेरीज त्यांची बेरीज ३,७३,७२४; म्हणून तो न्यून. अंकांची बेरीज १०, भाग जात नाही. म्हणून हर्षद नाही. जनक ४१०९८१. सदाशिव पेठेचा ४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७. विभाजक २४, स्वतःखेरीज बेरीज ६,५७,८८२. म्हणून तो विपुल. अंकांची बेरीज ९ आणि भागाकार ४५६७०, म्हणून हर्षद. जनक ४११०२१. दोन्ही पिनकोड सम आणि संयुक्त आहेत आणि दोन्ही स्वयंभू नाहीत. वाचकांनी आपल्या पिनकोडचे अवयव पाडावेत, विभाजक मोजावेत, अंकांची बेरीज करावी आणि जनक शोधावा. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि सहावी-सातवीचे गणित पुरेसे आहे.